आधी दगड मोजावा

मूर्तिकारांविषयी एक वचन आपल्याकडे वारंवार ऐकू येते, की मूर्ती दगडात मुळातच असते. शिल्पकार केवळ तिच्या भोवतीचा नको असलेला भाग काढून टाकतो. वचन गोड आहे आणि कीर्तनात शोभूनही दिसते. परंतु ज्याच्या हाती छिन्नी आहे त्याला त्याचा अर्धाच भाग सोपा वाटतो. मूर्ती कशी असावी हे ध्यानश्लोक सांगतो, तालमान सांगते, परंपरा सांगते. नको असलेला भाग मात्र कोणत्याही श्लोकात सांगितलेला नसतो. तो त्या एका दगडापुरताच असतो. कोठे चार बोटे, कोठे वीतभर, आणि कोठे मुळीच नाही. तो डोळ्यांनी पाहून आणि हातांनी मोजूनच कळावयाचा. सुरतेत यंत्रांच्या सहवासात आमची जी वर्षे गेली, त्यांत या दुसऱ्या अर्ध्या भागाचे महत्त्व आम्हांस अधिकाधिक पटत गेले. त्याविषयीच येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमच्या वाचकांस सुरत ठाऊक आहे ती बहुधा इतिहासातून. शिवाजी महाराज येथे १६६४ साली आले आणि पुन्हा १६७० साली आले. १९०७ साली येथेच राष्ट्रीय सभेत फूट पडली. आजची सुरत ही कापडाची आणि हिऱ्यांची नगरी आहे. उधना, पांडेसरा, सचिन या बाजूंना मागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या तापी खोऱ्यातील लोहमार्गाने खानदेशातली कुटुंबेच्या कुटुंबे येथे येऊन स्थिरावली असून लिंबायतच्या गल्ल्यांतून मराठी आणि अहिराणी सहज कानी पडतात. या मोठ्या उद्योगांच्या आधाराने लहान लहान यंत्रशाळाही वाढल्या आहेत. मागाचा एखादा आधारखांब, रंगाच्या यंत्राची एखादी चकती, हिरे घासण्याच्या घंटीचा एखादा सांधा, असले भाग तेथे कापून, कोरून, घासून तयार होतात.

पूर्वी हे काम फिटर आणि टर्नर यांच्या नजरेवर चाले. आता बहुतेक ठिकाणी संगणक आला आहे. जी वस्तू करावयाची तिची त्रिमितीय आकृती प्रथम संगणकावर काढतात; मग कापणाऱ्या हत्याराने कोणत्या वाटेने, किती खोल आणि किती वेगाने जावे, हे संगणकाकडूनच आखून घेतात. कारखान्यात या विद्येस 'कॅम' असे सुटसुटीत नाव आहे. तिची अगदी पहिली पायरी म्हणजे संगणकास 'स्टॉक' सांगणे. स्टॉक म्हणजे ज्यातून वस्तू कोरून काढावयाची तो मूळ गोळा. तयार वस्तू आणि हा गोळा या दोहोंची वजाबाकी केली म्हणजे कापून टाकावयाचा भाग उरतो, आणि हत्याराची सारी वाटचाल त्या वजाबाकीवर ठरते.

येथेच एक मोह उभा राहतो. संगणकास काही सांगितले नाही तर तो आपण होऊन वस्तूभोवती एक चौकोनी ठोकळा कल्पितो, चहूंकडून दोनतीन मिलिमीटर सोडतो आणि पुढे चालू लागतो. वस्तू जर सपाट पाट्यातून किंवा कापून आणलेल्या ठोकळ्यातून करावयाची असेल, तर ही कल्पना खरीच असते. गोल सळईसाठी दंडगोलाची सोय असते. परंतु कारखान्यात येणारा माल नेहमी असा शहाणा नसतो. कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा बेळगावच्या उद्यमबागेत ओतलेले बिडाचे ओतकाम कोणी पाहिले असेल, तर त्याला ठाऊक असेल की त्यात एकही बाजू काटकोनात नसते. साचा वाळूतून निघावा म्हणून बाजूंना एकदोन अंशांचा उतार ठेवलेला असतो. बीड थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आटते, म्हणून मूळ नमुना तेवढा मोठा केलेला असतो. साच्याचे दोन अर्धे जेथे जुळतात तेथे कधी एक बाजू किंचित सरकलेली असते. आणि आटणाऱ्या धातूस भर मिळावी म्हणून वर जी बोंडासारखी जागा सोडतात, तिचा खुंट तोडल्यावरही थोडासा उरतोच. अशा वस्तूस ठोकळा म्हणणे म्हणजे फणसाला खोका म्हणण्यासारखे आहे.

या खोट्या कल्पनेचे परिणाम दोन प्रकारचे होतात. स्टॉक खऱ्यापेक्षा मोठा मानला, तर हत्यार जेथे काहीच नाही तेथे मोठ्या निष्ठेने मंद गतीने कापीत राहते. यंत्र चालते, वीज जळते, वेळ जातो आणि हवेवाचून काही कापले जात नाही. स्टॉक खऱ्यापेक्षा लहान मानला, तर गोष्ट याहून भयंकर होते. जेथे धातू नाही असे संगणकास वाटते, त्या वाटेने हत्यार 'रॅपिड' गतीने, म्हणजे मिनिटाला वीसतीस मीटर वेगाने धावते. त्या वाटेत प्रत्यक्षात धातू उभा असेल, तर काय होईल हे सांगावयास नको. अधिक मानणे हा आळस आहे. कमी मानणे हा घात आहे.

असा एक घात आम्ही जवळून पाहिला. उधना भागातील एका यंत्रशाळेत, जिचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, एका बिडाच्या भागाचा वरचा पृष्ठभाग सपाट करावयाचे काम चालू होते. यंत्रावर खानदेशातून आलेला विशीचा एक तरुण होता. पहिले तीन नग नीट झाले. चौथ्या नगावर हत्यार वळणावरून धावत आले आणि एका खुंटावर आदळले. कटरची पाती फुटली, जॉब शिकंजातून उपटला गेला आणि यंत्राच्या स्पिंडलला असा हादरा बसला की ते दुरुस्त करावयास बाहेरून माणूस बोलवावा लागला. त्या तरुणास इजा झाली नाही, ही देवाची कृपा. परंतु संध्याकाळी मालकांनी त्यास बोलावून, नुकसानीची रक्कम पगारातून हप्त्याहप्त्याने कापण्यात येईल, असे सांगितले.

दुसरे दिवशी प्रोग्रॅम तपासण्यासाठी आम्हांस बोलावणे आले. तो तरुण कोपऱ्यात उभा होता. आम्हांस पाहून तो एवढेच म्हणाला, "काका, मी फक्त हिरवं बटण दाबलं हो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आपणांस कोणी खरे मानील अशी आशाही फारशी नव्हती.

फाइल उघडून पाहिली तेव्हा सारा उलगडा एका मिनिटात झाला. संगणकात स्टॉक म्हणून एक ठोकळा ठेवलेला होता, त्यावर तीन मिलिमीटरची जाडी. आम्ही उरलेल्या नगांपैकी एक मेजावर ठेवून उंचीमापकाने त्याची उंची घेतली. पृष्ठभागावर बहुतेक ठिकाणी तीनच मिलिमीटर माल होता. खुंटाच्या जागी मात्र अकरा. पहिल्या तीन नगांवरचा खुंट ओतणाऱ्यांनी घासून काढलेला होता, चौथ्यावर तो तसाच राहिला होता. हत्यार आठ मिलिमीटर बिडातून असे धावले होते, जणू ती मोकळी हवाच. बटण दाबणाऱ्याने काही चुकविले नव्हते. ज्या धातूविषयी संगणकास कोणी सांगितलेच नव्हते, त्या धातूने त्याचा घात केला होता.

आम्ही मालकांस दोन्ही आकडे दाखविले आणि म्हणालो, "शेठ, पोराच्या हातात जे नव्हतं, त्याचे पैसे त्याच्याकडून घेता येणार नाहीत." मालक व्यवहारी होते, पण अन्यायी नव्हते. थोडा वेळ आकड्यांकडे पाहून त्यांनी कपात रद्द केली. परंतु रक्कम परत मिळाली तरी धीर तितक्या सहज परत मिळत नाही. पुढे कित्येक महिने तो तरुण प्रत्येक नव्या जॉबच्या वेळी गती कमी करण्याच्या बटणावर हात ठेवून उभा राही आणि यंत्रास पूर्ण वेगाने धावू देत नसे. त्याचे काम मागे पडे. एका चुकीच्या ठोकळ्याची किंमत अशा रीतीने एक माणूस भरीत होता, आणि ती कोणत्याही वहीत लिहिली जात नव्हती.

त्या दिवसापासून तेथे जी पद्धत सुरू झाली ती सांगितली पाहिजे, कारण ती कोठेही उपयोगी पडावी अशी आहे. ओतकामाची खेप आली की तिच्यातले चारपाच नग निवडून त्यांची मापे घ्यावयाची. जेथे स्कॅनर असेल तेथे त्याने सारा पृष्ठभाग टिपावयाचा. नसेल तेथे उंचीमापक आणि कॅलिपर यांनी मोजक्या जागा तपासावयाच्या, पण खुंट, जोडरेषा आणि उतार या तीन जागा कधीही सोडावयाच्या नाहीत. प्रत्येक जागी सर्वांत मोठे जे माप मिळेल ते घेऊन स्टॉकची आकृती वेगळी काढावयाची; कागदावरचे आदर्श ओतकाम नव्हे, तर खेपेतील सर्वांत आडदांड नग जीत मावेल अशी आकृती. मग संगणकास ठोकळा नको, ही आकृती हा आमचा स्टॉक, असे सांगावयाचे. एका बाजूचे काम आटोपून जॉब उलटा धरला, की दुसऱ्या बाजूच्या कामास पहिल्या कामानंतर जे शिल्लक राहिले तोच स्टॉक द्यावयाचा. पुन्हा नव्याने ठोकळा कल्पावयाचा नाही.

यातही दोन बारीक खाचा आहेत. स्कॅनरमधून निघणाऱ्या एसटीएल जातीच्या फाइलमध्ये बिंदूंचे आकडे असतात, परंतु ते आकडे मिलिमीटरचे की इंचांचे, हे त्या फाइलमध्ये लिहिलेले नसते. वाचणाऱ्याने उलटे मानले, तर ओतकाम एकदम २५.४ पट मोठे तरी होते किंवा तितकेच लहान तरी. म्हणून फाइल आत घेतल्याबरोबर एक ओळखीचे माप मोजून पाहावे. दुसरी गोष्ट, आकृती बरोबर असून भागत नाही. तिची जागाही बरोबर असावी लागते. यंत्रावर जॉबचा जो बिंदू शून्य धरला, तोच संगणकातही शून्य हवा. ओतकाम थोडे वाकडे असेल, तर त्यात वस्तू अशी बसवावी लागते की प्रत्येक पृष्ठभागावर कापावयास थोडा तरी माल राहील. एका बाजूस भरपूर आणि दुसऱ्या बाजूस काळे कवच तसेच, असे झाले तर चांगला नग फुकट जातो.

जुने फिटर हे काम संगणकावाचून करीत. ओतकामावर खडूचा किंवा चुन्याचा हात फिरवून, ते सपाट मेजावर ठेवून, टोकदार सुईने रेघा ओढीत. कोठे किती माल आहे हे त्या रेघांवरून कळे. शिल्पशाळेत गेरूत भिजविलेल्या सुताने दगडावर रेघा पाडतात. मूर्तीच्या मधून जाणारी जी उभी रेषा, तिला ब्रह्मसूत्र म्हणतात आणि सारी मापे तिच्यापासून घेतात. यंत्रावरचा शून्यबिंदू तो हाच. नावे निराळी, हत्यारे निराळी. पण कापण्यापूर्वी रेघ, आणि रेघेपूर्वी पारख, हा क्रम तिन्हीकडे सारखाच आहे.

ही पारख पराकोटीस गेलेली पाहावयाची असेल, तर यंत्रशाळा सोडून त्याच शहरातील वराछा किंवा कतारगाम भागातील हिऱ्याच्या कारखान्यात जावे. तेथे ठोकळा मानण्याची चैन कोणासच परवडत नाही, कारण कच्चा हिरा, ज्याला तेथे रफ म्हणतात, कधी दोघांचा सारखा नसतो. बहुधा अर्ध्याहून अधिक वजन घासण्यात जाते, म्हणून त्यातून काय वाचवावयाचे हाच सारा व्यवहार. पूर्वी अनुभवी माणूस भिंगातून रफ न्याहाळून त्यावर शाईने रेघ ओढी. आता तो खडा एका टाचणीएवढ्या आधारावर बसवून उजेडासमोर फिरवितात. त्याच्या सावल्यांवरून संगणक त्याची आकृती बांधतो आणि तीत कोणता पैलूदार हिरा कसा बसेल हे दाखवितो. परंतु सावलीला खड्डा दिसत नाही. आत गेलेली खाच बाहेरच्या कडेत झाकली जाते. म्हणून खड्ड्यांसाठी लेसरच्या किरणाने वेगळी तपासणी करावी लागते. आणि आतल्या डागांसाठी तर खडा अशा पदार्थात बुडवितात, की ज्याची प्रकाश वळविण्याची शक्ती हिऱ्याच्या जवळ जाते. मग पृष्ठभागाची चकाकी आड येत नाही आणि आतले दोष आपापल्या जागी दिसू लागतात. कॅममधील स्टॉकची कल्पना येथे आणखी एक पायरी वर चढते. केवळ बाहेरचा आकार नव्हे, अंतरंगही संगणकास सांगितले जाते.

हल्ली सुरतेत प्रयोगशाळेत वाढविलेला हिराही पुष्कळ होतो. चपट्या बीजावर थरावर थर चढवून वाढविलेला असा स्फटिक चौकोनी वडीसारखाच दिसतो. पाहणाऱ्यास वाटावे, येथे तरी ठोकळा मानून चालेल. पण त्याच्याही कडांवर काळे कवच असते आणि ते लेसरने कापून काढल्यावाचून खरा आकार हाती येत नाही. निसर्गाचे असो की माणसाने वाढविलेले असो, पदार्थ आपला स्वभाव सोडीत नाही.

अंतरंग न ओळखता काप घातल्याचे मोल काय पडते, हे कोहिनूरच्या इतिहासात दिसते. १८५२ साली लंडनमध्ये त्यास नव्याने पैलू पाडण्यात आले. सुमारे १९१ कॅरटचा तो हिरा १०५.६ कॅरटचा होऊन बाहेर आला. काम चालू असताना त्यातील दोष एकामागून एक उघड होत गेले आणि ते काढताना वजन उतरत गेले. तेज वाढले हे खरे. पण गेलेले वजन कोणत्याही सम्राटास परत आणता आले नाही.

आपल्या पूर्वजांना हा विचार नवा नव्हता. शिल्पशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत मूर्तीपूर्वी शिलापरीक्षा सांगितली आहे. दगडावर ठोकून त्याचा नाद घंटेसारखा निघतो की बद्द, हे ऐकावयाचे. विशिष्ट रंगांची वर्तुळे दिसली तर आत 'गर्भ' आहे, म्हणजे बेडूक, विंचू यांसारखा जीव किंवा पोकळी आहे, असे समजून तो दगड वर्ज्य करावयाचा. आत खरोखर बेडूक असो वा नसो, वर्तुळाकार डाग म्हणजे आतल्या घडणीत काही निराळे आहे, ही सूचना मात्र खरीच असू शकते. अयोध्येत २२ जानेवारी २०२४ रोजी ज्या रामलल्लांच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली, तिचा मैसूर भागातील काळा दगडही शास्त्रीय संस्थेत तपासून घेण्यात आला होता. उपकरण बदलले, शिलापरीक्षा तीच.

आणखी एक उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर नेहमी येते. सुरतेपासून फार दूर नसलेल्या नर्मदेच्या पात्रात बाणलिंगे मिळतात. त्यांवर छिन्नी चालवीत नाहीत; प्रवाहाने जो आकार दिला तोच पूज्य. मग त्यांना बसवावयाचे कसे? शाळुंका बाणाच्या मापाने करावी लागते; बाण शाळुंकेच्या मापाने घासून चालत नाही. एक वस्तू जशी आहे तशी मानावयाची आणि दुसरी तिच्याशी जुळवून घ्यावयाची, या नियमाचे याहून स्वच्छ रूप आम्हांस ठाऊक नाही. कोंकणीत दगडाला 'फातर' म्हणतात, आणि एखाद्या हट्टी माणसालाही कधी रागाने तेच नाव देतात. परंतु फातर हट्टी नसतो. तो फक्त खोटे बोलत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा कोणत्या ना कोणत्या देवस्थानाच्या कार्यकारिणीशी संबंध असतो, म्हणून शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सुचवितो. गोव्यात आणि कारवारकडे जुन्या देवळांचा जीर्णोद्धार होत असतो. गर्भागाराच्या चौकटीस चांदीचा पत्रा बसवितात, जुन्या पायऱ्यांवर नवा दगड घालतात, पालखीच्या झिजलेल्या दांड्यास नवे टोपण करवितात. ही कामे आता पुष्कळदा दूरच्या कारखान्यात संगणकावर कापून येतात, आणि पाठविलेल्या कागदावर लांबी व रुंदी एवढेच दोन आकडे असतात. म्हणजे चौकट काटकोनात आहे, पायरी सपाट आहे, दांडा गोल आहे, असे गृहीत धरून ठोकळाच पाठविला जातो. मग बसविण्याच्या दिवशी पत्रा एका कोपऱ्यात पुरत नाही, आणि दोष जुन्या भिंतीस देऊन तीच तासावयास घेतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जांभ्या दगडाने देवास सावली दिली, त्याने नव्या पत्र्याच्या सोयीसाठी आपले अंग कापून द्यावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

यावर उपाय कठीण नाही. चौकटीच्या चारी बाजू तर मोजाव्याच, पण दोन्ही कर्णही मोजावेत. ते सारखे नसतील तर चौकट काटकोनात नाही, हे शाळेतील मुलासही सांगता येईल. उंची तीन ठिकाणी घ्यावी, जाडी तीन ठिकाणी घ्यावी. वळणाच्या जागी पुठ्ठ्याचा नमुना कापून तोच कारागिराकडे पाठवावा. शक्य असेल तर एक दिवस स्कॅनर भाड्याने आणून मूळ वास्तूची आकृती टिपून घ्यावी. ही मापे, कोणी व कोणत्या तारखेस घेतली त्याच्या नोंदीसह, देवस्थानाच्या दप्तरात जपून ठेवावीत. पुढे पन्नास वर्षांनी जे कोणी पुन्हा जीर्णोद्धारास हात घालतील, त्यांस आपल्या मनातील देऊळ नव्हे, तर प्रत्यक्ष उभे असलेले देऊळ त्या कागदांत सापडेल.